रांगेतला कृष्ण आणि सहीचा कागद

प्रश्न: सातारा जिल्ह्यातून एका ताईंनी लिहिलं आहे. (नाव-गाव छापत नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय ५६. घर वारकरी; यजमान गेली २२ वर्षं माउलींच्या पालखीबरोबर चालतात. एकुलती मुलगी पुण्यात नोकरीला आहे आणि तिनं तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवलंय. मुलाचं घराणं इराणी, धर्म बहाई. मुलगा १२ मार्चला घरी येऊन गेला. "उपवास आहे" म्हणाला म्हणून ताईंनी साबुदाण्याची खिचडी केली, तर त्यानं खिचडी सोडाच, चहाला आणि पाण्यालाही हात लावला नाही. 'आमच्या घरचं पाणी चालत नाही की काय?' हे सलून राहिलं. पुढे एप्रिलमध्ये तिघं मुलाच्या घरी गेली. त्याच्या आजीनं दारातच "अल्लाहु अबहा" म्हणून स्वागत केलं आणि ताईंच्या छातीत धस्स झालं. जेवणं झाल्यावर मुलाच्या वडिलांनी 'यदा यदा हि धर्मस्य' न अडखळता म्हणून दाखवलं. म्हणाले, कृष्ण, बुद्ध, जरथुष्ट्र, मूसा, येशू, मुहंमद हे सगळे एकाच ईश्वराकडून आलेले, आणि या युगासाठी आलेले बहाउल्ला.

आता मुलगा म्हणतो, दोन्हीकडच्या आई-वडिलांची संमती कागदावर असल्याशिवाय त्याच्या धर्मात लग्न होत नाही. मुलगी म्हणते, आई नाही म्हणाली तर कोर्टात करू. मुलगा त्याला तयार नाही, त्यावरून आता त्या दोघांतच वाजलंय. यजमान म्हणतात, "सगळे धर्म सारखेच, सही कर आणि मोकळी हो." ताई विचारतात: "सगळे धर्म एकच असतील तर यांना वेगळा धर्म लागतो कशाला? आमचा कृष्ण त्यांनी नेऊन रांगेत उभा केला, ते मला इतकं का लागलं तेही कळत नाही. सही करू की नको?"

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सगळं लक्ष कृष्णाकडे गेलं, दुसऱ्यांदा साबुदाण्याच्या खिचडीकडे. खिचडीपासून सुरुवात करते, कारण ती गाठ लगेच सुटणारी आहे.

तुम्ही तारीख लिहिलीत ते बरं केलंत. बहाईंचा उपवास वर्षातून एकदाच येतो, मार्चमध्ये, नवरोजच्या (त्यांच्या नववर्षाच्या) आधीचे एकोणीस दिवस. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही आणि पाणीसुद्धा नाही. (त्यांचं वर्षच एकोणीस दिवसांच्या एकोणीस महिन्यांचं असतं, वर चार-पाच दिवस उरतात ते वेगळे.) १२ मार्च त्या उपवासाच्या अगदी मधोमध येते. आपल्याकडे उपासाला चहा चालतो, भगर चालते, शेंगदाण्याची आमटी चालते. एकादशी नि दुप्पट खाशी ही म्हण काही उगाच पडलेली नाही. त्यामुळे "उपवास आहे" म्हणून पाण्याचा पेला बाजूला सारणारा माणूस तुम्हाला बहाणे करणारा वाटला, यात तुमची चूक नाही. त्यानं दोन वाक्यांत समजावून सांगायला हवं होतं, हेही खरं. पण पहिल्यांदाच घरी आलेला मुलगा, समोर होऊ घातलेले सासू-सासरे. पाण्याविना सुकलेली जीभ आणखी कोरडी पडली असणार.

आजींचं "अल्लाहु अबहा" तितकंच सोपं आहे. अरबीत त्याचा अर्थ साधारण 'ईश्वर सर्वांत तेजस्वी आहे' असा. बहाई लोक एकमेकांना भेटताना हे म्हणतात, जसं तुमच्या घरात "माउली" किंवा "रामकृष्णहरी" म्हणत असतील. हा धर्म १९ व्या शतकात इराणमध्ये, शिया मुसलमान समाजात जन्मला, म्हणून त्याची भाषा फारसी-अरबी. पण तो इस्लामचा पंथ नाही. स्वतंत्र धर्म आहे, आणि तसा तो आहे म्हणूनच त्याच्या जन्मभूमीत त्याचा छळ झाला. ज्यांनी सुरुवात केली त्या बाबना १८५० मध्ये तब्रीझ शहरात गोळ्या घालून मारलं. त्यांच्यानंतर धर्म उभा करणाऱ्या बहाउल्लांना तेहरानहून बगदाद, तिथून इस्तंबूल, एदिर्ने आणि शेवटी १८६८ मध्ये अक्क्याच्या (आजच्या इस्रायलमधल्या) तुरुंगात धाडलं. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणमध्ये दोनशेहून जास्त बहाईंना प्राण गमवावे लागले. सगळे धर्म एका मुळाचे आहेत असं म्हणणाऱ्यांना इतका राग का सोसावा लागला? कारण ते वाक्य दिसतं तितकं गुळगुळीत नाही. आपल्याला ते ऐकून मान डोलवावीशी वाटते आणि आपण पुढे निघून जातो. त्याला धार आहे. ती धार तुम्हाला लागली, तुमच्या यजमानांना लागली नाही, एवढाच फरक.

तर आता तुमचा खरा प्रश्न.

माझ्या मते तुमच्या घरात सध्या चार माणसं 'धर्म' हा एकच शब्द वापरून चार वेगळ्या गोष्टी बोलताहेत. तुम्ही धर्म म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे देव्हारा आहे, नवरात्राचा घट आहे, खंडोबाची तळी आहे, गौरी-गणपती आहेत, आणि हे पुढे कोण करणार ही चिंता आहे. यजमान धर्म म्हणतात तेव्हा त्यांना मुक्कामाचं ठिकाण दिसतं: कुठूनही निघा, पंढरपूरलाच पोहोचायचं. मुलगी धर्म म्हणते तेव्हा तिला बहुधा म्हणायचं असतं, "तो विषय नको." आणि मुलाचं घर धर्म म्हणतं तेव्हा ते इतिहास सांगत असतं. हा शेवटचा अर्थ आपल्याला सवयीचा नाही, म्हणून त्यावर जरा थांबते.

बहाई लोक 'सगळे धर्म सारखे' असं म्हणत नाहीत. ते म्हणतात, धर्म मुळात एकच आहे आणि तो टप्प्याटप्प्यानं उलगडत आलाय. माणूसजात शाळेतल्या मुलासारखी आहे; प्रत्येक युगात ईश्वर एक शिक्षक पाठवतो, आणि तो शिक्षक त्या वर्गाला झेपेल तेवढं शिकवतो. दया, सत्य, प्रार्थना ही शिकवण सगळ्या शिक्षकांची तीच. पण काय खावं, लग्न कसं करावं, वारसा कसा वाटावा हे नियम काळाप्रमाणे बदलतात. म्हणून तुमच्या 'वेगळा धर्म कशाला' या प्रश्नाला त्यांचं उत्तर असं, की वेगळा नाहीच, त्याच शाळेचा पुढचा वर्ग आहे. बहाउल्ला हे शेवटचे, असाही त्यांचा दावा नाही. पुढेही कोणी येईल, फक्त हजार वर्षांच्या आत नाही.

हाच प्रश्न मुंबईशी नातं असलेल्या एका माणसानं तुमच्याआधी दीडशे वर्षांपूर्वी विचारला होता, हे तुम्हाला सांगायलाच हवं. माणकजी लिमजी हातरिया हे पारशी गृहस्थ. इराणमध्ये मागे राहिलेल्या जरथुष्ट्री बांधवांचे फार हाल होते, त्यांच्या मदतीसाठी मुंबईच्या पारशांनी त्यांना १८५४ मध्ये तिकडे पाठवलं. जरथुष्ट्री लोकांवरचा जिझिया कर १८८२ मध्ये उठला, त्यामागे त्यांची वर्षानुवर्षांची खटपट होती. या माणकजींनी अक्क्यात नजरकैदेत असलेल्या बहाउल्लांना पत्र लिहून सरळ विचारलं: हिंदू आणि जरथुष्ट्री बाहेरच्याला आपल्यात घेत नाहीत, ख्रिस्ती आला तर घेतात, मुसलमान तर आग्रहच धरतात, यातलं ईश्वराला कोणतं बरं वाटतं? माणकजींना शुद्ध फारसीचं वेड होतं, म्हणून उत्तर आलं तेही अरबी शब्द टाळून लिहिलेल्या शुद्ध फारसीत. त्यात रांग लावलेली नव्हती. वैद्य रोग्याची नाडी पाहून औषध देतो, आजचं औषध उद्या चालेलच असं नाही, तुम्ही ज्या काळात जगताय त्याची निकड काय ते बघा. आणि तुम्ही सगळे एकाच झाडाची फळं, एकाच फांदीची पानं आहात, असा त्याचा आशय होता. माणकजींचं काही समाधान झालं नाही. माझ्या एकेका प्रश्नाचं उत्तर कुठे आहे, असं त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मग दुसरं, लांबलचक पत्र आलं. माणकजी शेवटपर्यंत जरथुष्ट्रीच राहिले. मला हा माणूस आवडतो. गोड उत्तरानं न विरघळता त्यानं पुन्हा विचारलं, आणि कुणी त्याचा राग धरला नाही. तुम्हीही तेवढी मुभा घ्या.

आता कृष्ण. तुम्हाला का लागलं, ते मला वाटतं असं. मुलाच्या वडिलांनी तुमचा मान राखला, तुमच्या गीतेतला श्लोक म्हटला. पण तुमचा कृष्ण हा दूत नाही. तुमच्या घरी तो विठोबा होऊन विटेवर उभा आहे, तो स्वतःच देव आहे. बहाई विचारात ईश्वर कधी देह धारण करत नाही. सूर्य आकाशातच राहतो. आरशात त्याचं पूर्ण तेज दिसतं, पण सूर्य काही आरशात उतरत नाही. कृष्ण, येशू, बहाउल्ला हे तसे आरसे. त्यांच्या दृष्टीनं हा फार मोठा मान आहे. तुमच्या दृष्टीनं देवाला आरसा म्हटलं. दोघंही प्रामाणिक, आणि तरी मधे फट आहे. ती फट आहे हे मान्य करायला हरकत नाही. पुनर्जन्मही ते मानत नाहीत. मृत्यूनंतर आत्मा पुढच्या प्रवासाला जातो, परत येत नाही, असं त्यांचं मत. मूर्तिपूजा नाही. पुरोहित नाही. यातलं काहीही 'सगळे धर्म सारखेच' या गोधडीखाली झाकू नका. झाकलेलं पहिल्या गौरीला बाहेर येतंच.

पण ताई, रागावणार नसाल तर आरसा थोडा आपल्याकडेही फिरवते. रांग आपणही लावतो. आपण बुद्धाला विष्णूचा नववा अवतार केला आणि केवढे आम्ही उदार, म्हणून खूश झालो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पाचवी नेमकी याच्याविरुद्ध आहे: बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही. तुमच्या गावातल्या कुणा बौद्ध बाईला जाऊन विचारा, तुमच्या दशावतारात बुद्ध उभा केलेला पाहून कसं वाटतं. त्या दिवाणखान्यात तुम्हाला जे वाटलं, ते तिला आयुष्यभर वाटत आलंय. दुसऱ्याला आपल्या घरात मानाची जागा देताना ती जागा आपणच ठरवतो. रांग लावणारा नेहमी रांगेबाहेर उभा राहून लावतो. मला बहाईंची ही कल्पना सुंदर वाटते आणि तिच्यात हा काटाही दिसतो. पण तो काटा काही त्यांनी नव्यानं आणलेला नाही.

म्हणून एक सुचवते. मुलाच्या वडिलांना हे सांगा. जसं पत्रात लिहिलंत तसंच: "तुम्ही कृष्णाचं नाव घेतलंत, बरं वाटलं, पण आमच्यासाठी तो दूत नाही, देव आहे, आणि तुमच्या रांगेत तो बघून मला लागलं." वाद घालू नका, नुसतं सांगा. बहाउल्लांनी आपल्या लोकांना सर्व धर्मीयांशी स्नेहानं वागायला सांगितलंय. त्यांचे पुत्र अब्दुल बहा तर १९११ मध्ये पॅरिसमध्ये इथवर म्हणाले होते, की धर्म जर द्वेषाचं कारण होत असेल तर तो नसलेला बरा. हे मानणारा माणूस तुमचं बोलणं ऐकून घेईल. आणि नाही घेतलं, चिडला, की पुन्हा शाळेचा दाखला देऊन तुम्हाला पहिलीत बसवायला लागला, तर तुम्हाला मुलीच्या सासऱ्याबद्दल फार महत्त्वाची गोष्ट लग्नाआधी कळेल.

इथून सहीकडे येते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त खटकलं ते हेच, की तुम्ही सगळ्यांनी ती सही धर्माची परीक्षा करून ठेवली आहे. यजमानांना ती सोपस्कार वाटते, मुलीला अडथळा, आणि तुम्हाला (खरं सांगा) थोडीशी हाती लागलेली चावी.

किताब-ए-अकदस हा त्यांचा मुख्य धर्मग्रंथ. त्यात लग्नाची अट अशी: आधी मुलामुलीनं एकमेकांना पसंत करायचं, मग दोघांच्या आई-वडिलांनी परवानगी द्यायची. हयात असलेल्या सगळ्यांची. आई-वडील कोणत्याही धर्माचे असोत, मुलं चाळिशीची असोत, सुटका नाही. कारणही तिथेच दिलंय: माणसांत प्रेम आणि एकोपा राहावा, वैर आणि आकस उभा राहू नये. सगळ्या जगातल्या धर्मांच्या एकतेच्या गोष्टी करणारा हा एवढा मोठा विचार, आणि तो तुमच्या ओट्याशी येऊन हात जोडून विचारतोय की तुमची ना नाही ना? मला यात गंमत वाटते आणि आदरही. तुम्ही नाही म्हणालात तर तो मुलगा लग्न करणार नाही, आणि तुमच्या मुलीवर त्याचं प्रेम कमी आहे म्हणून तो थांबलाय असंही नाही. मुलीला हे कुणीतरी सांगायला हवं. तिला वाटतंय तो घाबरट आहे. जो मुलगा न आवडलेल्या सासूच्या परवानगीवाचून पाऊल टाकत नाही, तो घाबरट नसतो. (न आवडलेली सासू हे माझे शब्द. तुम्ही एव्हाना आवडायला लागला असाल.)

तेव्हा ही सही 'बहाई धर्म मला पटला' याची नाही. 'हा मुलगा माझ्या मुलीसाठी मला चालतो' याची आहे. धर्मासाठी नाही म्हणायचं असेल तर तोही तुमचा हक्क. कारण सांगायचीही सक्ती नाही. पण मग स्वतःला एकदा विचारा, हाच मुलगा तुमच्या भावकीतला असता तर काय पाहिलं असतंत? राग कसा आहे, पैशाला कसा आहे, आजारपणात उभा राहतो का, मुलीशी बोलताना आवाज चढतो का. तुमच्या पत्राच्या चार पानांत यातलं एक अक्षर नाही. चारही पानं कृष्णाची, आजीच्या नमस्काराची आणि खिचडीची. मुलाबद्दल मला त्याच्या उपवासापलीकडे काहीच कळलं नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही नाही.

अशी पत्रं मला अधूनमधून येतातच. कधी सून ख्रिस्ती, कधी जावई जैन, कधी घर बौद्ध आणि मुलगी मराठा. या सगळ्यांना मी एकच उपाय सांगते: 'तुम्ही काय मानता' हे विचारण्यात संध्याकाळ घालवू नका. भिंतीवरचं कालनिर्णय काढा, टेबलावर ठेवा आणि एकेक महिना उलटत जा. संक्रांतीला हळदीकुंकू कुठे? गणपती बसवायचा की नाही, बसवला तर आरतीला जावई उभा राहील का, नुसता उभा राहील की म्हणेल? बारसं करायचं का? जावळ काढायचं का? आपल्यामागे तेराव्याला मुलगी काय करणार? अशा प्रश्नांना 'सगळं चालेल' हे उत्तर स्वीकारू नका. 'सगळं चालेल' म्हणणाऱ्या माणसानं त्यावर अजून विचारच केलेला नसतो.

तुमच्या बैठकीत काही उत्तरं आधीच माहीत असली तर सोपं जाईल. मुलीनं धर्म बदललाच पाहिजे अशी अट बहाई लग्नात नाही. ती हिंदू राहून लग्न करू शकते. ती स्वतः बहाई व्हायचं म्हणते आहे का, हे मात्र तिलाच विचारा. मुलाकडून तसं वचन घ्यायला जाऊ नका, कारण तो तिचा प्रश्न आहे. होणाऱ्या नातवंडांनाही पंधराव्या वर्षी आपलं आपण ठरवायला सांगतात. सत्याचा शोध ज्याचा त्यानं घ्यायचा, हे त्यांचं फार आवडतं तत्त्व. दारू त्यांना वर्ज्य, याला तुमची हरकत नसावी. मतदान करतात, पण पक्षाच्या राजकारणात पडत नाहीत, तेव्हा भावकीतलं कुणी जिल्हा परिषदेला उभं राहिलं तर जावयाला प्रचाराला बोलवायचं नाही. तुमच्याकडे देणगी मागतील ही धास्ती असेल तर ती सोडा. त्यांच्या निधीला बहाईंखेरीज कुणाचा पैसा चालतच नाही. मृत्यूनंतर ते दहन करत नाहीत, दफन करतात, आणि मृत्यूच्या ठिकाणापासून तासाभराच्या अंतरातच. हा विषय लग्नाच्या बोलण्यात अभद्र वाटेल, तरी काढा. मुलगी हिंदू राहिली तर तिचं काय करायचं, हे तिनं आणि त्यानं एकमेकांना आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

लग्नविधीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचं भांडण तिथेच होणार. बहाई विधी दोन मिनिटांचा आहे. दोन साक्षीदारांसमोर वधू आणि वर एकेक वाक्य म्हणतात, की आम्ही ईश्वराच्या इच्छेला बांधून राहू. संपलं. बाकी प्रार्थना, गाणी तुम्हाला हवी ती. तिथे अभंग म्हटला तर कुणी अडवणार नाही. दुसऱ्या धर्माचा विधीही त्याच दिवशी करायला त्यांची हरकत नसते, फक्त 'मी आता या धर्माचा झालो' असं मुलाला म्हणायला लावू नये. त्यामुळे तुमच्या भटजींना आधीच भेटा. सप्तपदी होईल; गोत्राच्या उच्चाराचं काय करायचं, ते मांडवात ठरवू नका. कायद्याची नोंद विशेष विवाह कायद्याखाली करा, म्हणजे धर्माचा प्रश्नच नको. नोटिशीचे ३० दिवस धरून तारीख काढा. एक गोष्ट वकिलाला विचारून घ्या: १९५४ च्या त्या कायद्यानं हिंदू मुलीनं बहाई मुलाशी लग्न केलं तर एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतलं तिचं स्थान बदलतं आणि पुढे वारसाला वेगळा कायदा लागतो. वडिलोपार्जित जमीन असेल तर हे लग्नाआधी समजून घ्या. धर्मांच्या एकतेवर चर्चा करणारी बरीच घरं सातबाऱ्यापाशी फुटलेली मी पाहिली आहेत.

काही वर्षांपूर्वी मी दिल्लीचं कमळ मंदिर बघायला गेले होते. १९८६ साली बांधून झालेलं ते बहाईंचंच उपासनास्थान, २७ पांढऱ्या पाकळ्यांचं. चपला पिशवीत घालून दिल्या, रांगेतून आत गेलो. आत काहीच नाही. मूर्ती नाही, तसबीर नाही, घंटा नाही. बाकांवर लोक गप्प बसलेले. माझ्या पुढच्या बाकावर आपल्याच बाजूच्या, नऊवारीतल्या तीन बायका होत्या. त्यातली एक बराच वेळ इकडेतिकडे बघून शेजारणीच्या कानात म्हणाली, "देव कुठंय गं?" शेजारीण म्हणाली, "गप बस. असंल." मग कुणीतरी उठून उभं राहिलं आणि वाद्याविना, नुसत्या आवाजात एक प्रार्थना म्हटली. कुठल्या भाषेतली ते मला कळलं नाही; तिथे कुठल्याही धर्माच्या ग्रंथातलं म्हणतात, त्यावर प्रवचन मात्र करत नाहीत. ती बाई तेवढ्यात पदराखाली हात जोडून बसली होती. तिचा विठोबा तिनं बरोबर आणला होता, तिथे लावलेला नसला म्हणून काही अडलं नाही. त्याच वेळी 'देव कुठंय' हा तिचा प्रश्नही खोटा नव्हता.

तुमच्या यजमानांसाठीही एक काम आहे. "सगळे सारखेच" म्हणून ते सुटलेत, त्यांना असं सोडू नका. आषाढी वारीत पालखी लोणंदहून तरडगावला निघेल तेव्हा मुलाला बोलवा. चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण असतं, टप्पा फार लांबचा नाही, पुण्याचा पोरगा सहज चालेल. धर्मावर बोलायची गरज नाही. तुमच्या यजमानांच्या मागे तो दोन-चार तास कसा चालतो, दिंडीतल्या म्हाताऱ्यांशी कसा वागतो, पाण्याचा तांब्या आधी कुणाला देतो, हे यजमान बघतील, आणि रात्री फोनवर तुम्हाला सांगतील. त्यांच्याकडून "सगळं सारखंच" यापेक्षा थोडा जास्त मजकूर निघाला तर बरं.

सहीची घाई करू नका. मुलीला सांगा, "आईनं नाही म्हटलेलं नाही, आई बघते आहे." आणि त्या आजींना एकदा एकटं भेटा, मधे पोरं नकोत, व्याही नकोत. त्यांनाही कुणीतरी कधीतरी परक्या देशातल्या परक्या घरी पहिल्यांदा नेलं असेल, दारात उभं राहून काय म्हणावं हा प्रश्न त्यांनाही पडला असेल. त्यांना विचारा. जाताना डब्यात काहीतरी न्या.

आणि त्या मुलाला परत घरी बोलवा. मार्च सोडून कधीही. १२ तारखेचा एक चहा तुमच्याकडे देणं आहे.